काळी रेघ कशाची?

शिरोड्याकडच्या एका विज्ञानशिक्षिकेचा प्रश्न आहे. रेडीच्या बाजूला बांधावर त्यांना पट्ट्यापट्ट्यांचा जड दगड मिळाला. एक पट्टा तांबडा, एक राखाडी, मधूनच एक काळा. काळा भाग कागदावर घासला की रेघ उठते, बोटं काळी होतात. त्याच सुमारास ३३० कोटी वर्षं जुन्या खडकात जीवसृष्टीच्या रासायनिक खुणा मिळाल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. हा काळा भाग तसलाच कार्बन असेल का? कोकणात अशा खुणा मिळतील का? आणि जिथे ना हाड उरलं ना पेशी, तिथे नुसत्या रसायनावरून जीव होता हे ठरवतात तरी कसं?

मॅडम, पहिला प्रश्न तुम्ही स्वतःच ओट्यावर सोडवू शकता, म्हणून तिथून सुरुवात करतो. टाइलचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर काळा भाग घासा. रेघ गेरूसारखी तांबडी आली तर ते हेमटाइट, म्हणजे लोहखनिज. काळी आली तर दोऱ्याला चुंबक बांधून दगडाजवळ न्या. चुंबक ओढला गेला तर मॅग्नेटाइट, तेही लोहखनिजच. नाही ओढला गेला तर मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं त्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब काळ्यावर टाका. सोड्यासारखा फेस उठला तर तो मँगनीजचा ऑक्साइड. गोवा-सिंधुदुर्गच्या खनिजपट्ट्यात बोटं काजळासारखी काळी करणारा दगड बहुतेक वेळा हाच निघतो. ग्राफाइट, म्हणजे तुमच्या मनातला कार्बन, असेल तर फेस येणार नाही, रेघ पेन्सिलीसारखी राखाडी आणि किंचित चकचकीत येईल, नि बोटाला तेल लावल्यासारखं बुळबुळीत लागेल. दगड जड आहे असं तुम्ही दोनदा लिहिलंय. ग्राफाइट हलकं असतं. माझी पैज लोखंड-मँगनीजवर आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, त्याशिवाय दुसऱ्याला अर्थ येत नाही.

रत्नागिरीच्या बाजूला विहीर खणताना कधीकधी जांभा संपतो, खाली चिकणमाती लागते आणि तिच्यात काळं लाकूड सापडतं. ते लिग्नाइट, मायोसीन काळातलं, कोटभर वर्षांच्या हिशोबातलं. हातात घेतलं तर त्यातल्या काही तुकड्यांत लाकडाच्या रेषा दिसतात. तापवलं तर धूर येतो, वास येतो. प्रयोगशाळेत नेलं तर पानावरचं मेण, झाडाचा राळ, परागकण सगळं हाती लागतं. इथे जीव होता की नव्हता हा वादच नाही. पण हेच लाकूड आणखी खोल दाबलं, तापवलं, तर त्यातला हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन निघून जातो. आधी दगडी कोळसा, मग अँथ्रासाइट, आणि सगळ्यात शेवटी नुसत्या कार्बनचे एकावर एक पापुद्रे, म्हणजे ग्राफाइट. ग्राफाइट झालं की ते कोणाचं होतं हे सांगणारा रेणू उरत नाही. आणि ३०० कोटींच्या पुढचे बहुतेक खडक या भट्टीतून गेलेले असतात.

मग उरतं काय? एक गोष्ट उरते, ती म्हणजे कार्बनच्या अणूंचं वजन. कार्बन दोन स्थिर वजनांत मिळतो, १२ आणि १३. जड वाण शंभरात जेमतेम एक. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं तेव्हा त्याचं रुबिस्को नावाचं विकर हलका कार्बन जरा जास्त उचलतं. मुद्दाम नव्हे. हलक्या अणूची प्रक्रिया किंचित वेगाने होते एवढंच. किनाऱ्यावरच्या शिंपल्यातले एक लाख कार्बन अणू मोजले तर त्यांत साधारण ११०६ जड निघतील, आणि आंब्याच्या पानातल्या एक लाखात साधारण १०७५. फरक तीसेक अणूंचा. आमचा, म्हणजे जुन्या खडकांत जीवाच्या खुणा शोधणाऱ्यांचा, सगळा धंदा त्या तीस अणूंवर उभा आहे.

हा फरक आम्ही हजारात किती असा सांगतो, आणि शून्याची खूण धरतो अमेरिकेतल्या पीडी या थरातल्या बेलेम्नाइटची. बेलेम्नाइट म्हणजे आपल्या माकुलाचा नामशेष झालेला भाऊबंद. त्या मानाने समुद्रातला चुनखडक शून्याच्या आसपास, झाडं नि शेवाळं उणे २५ च्या आसपास, आणि मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या मिथेनचा आकडा उणे ५०, ६० पर्यंतही खाली जातो. (जाता जाता, नाचणीची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी, म्हणून ती उणे १२ च्या जवळपास येते. भात उणे २७ च्या आसपास. तुमच्या वर्गात भाकरीवर वाढलेली पोरं आणि पेजेवर वाढलेली पोरं असतील, तर त्यांच्या केसांत हा फरक यंत्राला दिसू शकतो.)

खडक तापला, मुरडला, तरी अणू तेच राहतात. म्हणून ग्रीनलंडमधल्या इसुआच्या ३७० कोटी वर्षांहून जुन्या खडकात मिनिक रोसिंग यांना १९९९ मध्ये ग्राफाइटचे बारीक कण उणे १९ च्या आसपास मिळाले, तेव्हा ती मोठी बातमी झाली. तापताना हलका कार्बन आधी निसटतो, म्हणजे मूळचा आकडा आणखी खाली असणार. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या ४१० कोटी वर्षांच्या एका झिरकॉनच्या, म्हणजे अतिशय टिकाऊ खनिजाच्या कणाच्या, पोटात अडकलेलं ग्राफाइट उणे २४ निघालं, ते २०१५ साली.

पण हा आकडा एकटा आला की मला भीती वाटते. कारण हलक्या कार्बनपर्यंत पोचायच्या जीवाशिवायच्याही वाटा आहेत. सिडेराइट म्हणजे लोखंडाचा कार्बोनेट. तो जोरात तापला की त्याचं मॅग्नेटाइट होतं, कार्बन डायऑक्साइड उडतो आणि थोडं ग्राफाइट मागे राहतं. जीवाचा संबंधच नाही. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड लोहखनिजाच्या संगतीने मेणासारखे रेणू बनवू शकतात, आणि त्यांचा कार्बनही हलका असतो. १९९६ मध्ये ग्रीनलंडच्याच अकिलिया बेटावरच्या अ‍ॅपेटाइट या फॉस्फेट खनिजाच्या स्फटिकात जीवाचं ग्राफाइट मिळाल्याचा दावा झाला होता. पुढच्या काही वर्षांत इतर भूवैज्ञानिकांनी तिथे जाऊन पाहिलं आणि म्हटलं, अहो, हा मुळात गाळाचा खडक आहे का, तेच आधी ठरवा. रोसिंग यांचा दावा जास्त टिकला, त्याचं कारण त्यांचं यंत्र नव्हे. त्यांचा कार्बन समुद्रतळावर निवांत साचलेल्या चिखलाच्या थरांत, थरांच्या रेषेत पसरलेला होता. शेवाळ मरून गाळात बसलं तर ते तसंच दिसेल.

म्हणून माझ्याकडे कोणी आकडा घेऊन आला की मी आधी विचारतो, कार्बन बसलाय कुठे? थरात की भेगेत? भेगेत असेल तर तो नंतर आलेला पाहुणा. दुसरा प्रश्न, कार्बनने खडकाइतकाच ताप सोसलाय का? हे पाहायला रामन वर्णपटमापक वापरतात. पातळ चकतीतल्या कार्बनच्या ठिपक्यावर लेझर सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशातल्या दोन शिखरांची उंची-रुंदी पाहायची. पापुद्रे नीट जुळलेले असतील तर एक शिखर टोकदार येतं, विस्कळीत असतील तर दोन्ही बसकी. त्यावरून कार्बन किती अंशांपर्यंत तापला ते कळतं. खडकातली इतर खनिजं सांगत असतील की हा ४०० अंशांतून गेलाय, आणि कार्बन मात्र शंभरापुढे गेल्यासारखा दिसत नसेल, तर तो कार्बन भट्टी विझल्यावर आत आला. माझ्या मते ही परीक्षा अणूंच्या वजनाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे, पण बातमीत तिला कधी जागा मिळत नाही.

स्वतःची एक फजिती सांगतो. उमेदीच्या काळात मी सिंधुदुर्गातल्याच एका नाल्यातून काळसर चर्ट, म्हणजे सिलिकाचा टणक दगड, उचलला होता. आकडा आला उणे २७. दोन रात्री झोप नाही. मनात निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, यात कार्बन-१४ आहे का बघितलंस? कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी अर्धा होतो, पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगा उरत नाही. कोट्यवधी वर्षांच्या खडकात तो असूच नये. माझ्या नमुन्यात भरपूर होता. कोकणातला दगड चार महिने पावसात भिजतो. त्याच्या केसाएवढ्या भेगांतून दगडफूल, बुरशी, मुळांचे तंतू आत शिरलेले असतात, आणि मी त्यांचाच कार्बन मोजला होता. दुसऱ्या खेपेला सांभाळून आतला गाभा कापला, पण नमुना गुंडाळला प्लॅस्टिकच्या पिशवीत. जिथे तपासायला दिला त्या प्रयोगशाळेतून आलेखावर एकच भलंमोठं शिखर आलं, प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या रसायनाचं. जोडीला शेरा होता: ‘नमुना कॅरीबॅगचा आहे का?’

हे फक्त माझ्यासारख्यांचं होतं असं नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पिल्बरा भागातल्या सुमारे २७० कोटी वर्षांच्या शेल खडकात स्टेरेन नावाचे रेणू मिळाल्याचं योखेन ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं. स्टेरेन म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींच्या आवरणातल्या स्टेरॉलचा सांगाडा. आपल्या कोलेस्टेरॉलचंही दगडात शेवटी तेच होतं. म्हणजे केंद्रकवाल्या पेशींचा इतिहास एका फटक्यात शंभर कोटी वर्षं मागे गेला. जगभरची पाठ्यपुस्तकं बदलली. २००८ मध्ये पुन्हा तपास झाला, आणि त्या निबंधाच्या लेखकांत ब्रॉक्स स्वतः होते. निष्कर्ष असा की ते रेणू खडकाचे नाहीत, नंतर आत आले. मग त्याच भागात खास काळजी घेऊन नव्याने छिद्र पाडलं. छिद्र पाडताना पाते थंड ठेवायला तेल-ग्रीस लागतं, करवतीला तेल असतं, हवेत डिझेलचा धूर असतो. या सगळ्यांत तेच रेणू असतात, कारण खनिज तेल हेही जुन्या जीवांचंच. इतकं सांभाळून काढलेल्या गाभ्यात २०१५ साली काय मिळालं? जवळजवळ काही नाही. आज ज्यांच्यावर कोणी फारसं बोट ठेवत नाही असे जुन्यात जुने रेणू-जीवाश्म ऑस्ट्रेलियातल्याच बार्नी क्रीक थरातले आहेत, १६४ कोटी वर्षांचे. स्वतःचाच गाजलेला शोध मागे घेणारा माणूस माझ्या लेखी नवीन शोध लावणाऱ्यापेक्षा मोठा.

आता तुम्ही वाचलेली बातमी. २०२५ च्या नोव्हेंबरात कार्नेगी संस्थेतल्या मायकेल वाँग आणि रॉबर्ट हेझन यांच्या गटाने ४०६ नमुने तपासले. त्यांत आजचे जीव, जीवाश्म, उल्कापाषाण, जुने खडक असं सगळं होतं. प्रत्येक नमुना तापवून त्यातल्या कार्बनी पदार्थाचे तुकडे केले, तुकडे वजनाप्रमाणे वेगळे करून मोजले, आणि मग संगणकाला शिकवलं की जीवाच्या मालाचे तुकडे असे पडतात, निर्जीवाचे तसे. घरी रिकाम्या टोपाच्या वासावरून काल बांगडा होता की मोरी हे कळतं ना, तशातला प्रकार. मासा उरलेला नसतो, पण वासांचं मिश्रण ओळखीचं असतं. या रीतीने त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ३३० कोटी वर्षांच्या चर्टमध्ये जीवाची आणि सुमारे २५० कोटींच्या खडकात प्रकाशसंश्लेषणाची खूण दिसली. मला ही रीत आवडली, कारण ती एकाच रेणूवर विसंबत नाही. पण टोपाचा वास ओळखणाऱ्याला चुकलात तर का चुकलात हे सांगता येत नाही, तसंच संगणकाचं आहे. आणि वर सांगितलेली दगडफुलाची, ग्रीसची भानगड या रीतीतही आहेच. ३३० कोटी हा आकडा नवा नाही हेही लक्षात घ्या. कार्बनच्या वजनावरून आणि स्ट्रोमॅटोलाइटच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर बसून झालेल्या दगडी घुमटांच्या, आकारावरून ३४०-३५० कोटींपर्यंत जीव होता हे आधीपासून बहुतेकांना मान्य आहे. नवीन आहे ती वाट.

माझ्या आवडीचा पुरावा मात्र गंधकाचा आहे, आणि तो तुमच्या घराजवळच बघता येतो. ओहोटीला खाडीच्या कडेला, तिवरांच्या मुळांशी फावडं मारा. वरचा बोटभर चिखल तपकिरी, खाली काळाशार, आणि नासक्या अंड्याचा वास. तो काळा ढेकूळ उन्हात ठेवा, काही तासांत करडा-तांबूस होतो. तिथे हवा पोचत नाही, म्हणून तिथले जीवाणू ऑक्सिजनऐवजी खाऱ्या पाण्यातला सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो चिखलातल्या लोहाशी जुळून काळं लोहसल्फाइड होतं, पुढे पायराइट. हे करताना जीवाणू गंधक-३४ पेक्षा हलकं गंधक-३२ जास्त उचलतात, कार्बनसारखंच. पिल्बरातल्या ड्रेसर थरात, सुमारे ३४८ कोटी वर्षांच्या बॅराइट या सल्फेट खनिजाच्या स्फटिकांत अडकलेल्या सूक्ष्म पायराइटमध्ये हाच फरक २००१ मध्ये मिळाला. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं की ते जीव सल्फेट नव्हे, मूळ गंधकच वापरत होते. भांडण जेवण काय होतं यावर आहे, जेवणारा होता यावर दोघांचंही एकमत. तिथल्या काही थरांत उष्ण झऱ्यांभोवती साचणारी सिलिकाही सापडली आहे. संगमेश्वराजवळ तुरळ-राजवाडीच्या गरम कुंडांच्या काठावर हिरवा-नारिंगी बुळबुळीत थर धरलेला असतो, तो नुसती घाण समजून पाय चुकवू नका. असेच थर दगडात गोठलेले लोक ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात शोधत असतात.

आणि कोकण? देवगडच्या उत्तरेला विषयच मिटला. तिथला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या तळ्यांच्या गाळात जीवाश्म मिळतात, मुंबईत वरळीला बेडकांचे मिळालेत, पण ते आपल्या हिशोबात कालचे. जुना खडक आहे तो दक्षिण सिंधुदुर्गात आणि गोव्यात. अनमोड घाटातला नाइस हा पट्टेदार खडक सुमारे ३४० कोटी वर्षांचा मोजला गेलाय. पण तो मुळात वितळलेला खडक, त्यात जीवाची खूण शोधणं म्हणजे तव्यात मासा शोधणं. रेडीचे पट्टेदार लोहथर धारवाड काळातले, २५० कोटींहून जुने, आणि ते समुद्रात साचलेले, म्हणजे जागा बरोबर. अशा थरांतलं लोखंड गंजवून खाली बसवण्यात सूक्ष्मजीवांचा हात होता असं पुष्कळांचं मत आहे.

अडचण पावसाची. रेडीचा वरचा खडक लाखो पावसाळ्यांनी धुऊन काढलाय. सिलिका वाहून गेली, लोखंड उरलं, म्हणूनच तर ते खनिज झालं. जो कार्बन असेल तो केव्हाच जळून गेला. ज्या कारणाने तिथे खाण आली, त्याच कारणाने आमच्या कामाचं तिथे काही उरलं नाही. काही मिळायचं असेल तर जांभ्याच्या, मऊ झालेल्या खडकाच्या खूप खाली, छिद्र पाडून काढलेल्या ताज्या गाभ्यात मिळेल. धारवाडच्या पट्ट्यात कर्नाटकाच्या बाजूला कार्बनयुक्त फिलाइटचे, म्हणजे दाबल्या-तापलेल्या जुन्या चिखलाचे, थर आहेत, आणि चित्रदुर्गाच्या पट्ट्यात दोडगुणी इथे स्ट्रोमॅटोलाइटही. मुलांना सहलीला न्यायचं असेल तर बागलकोटकडे न्या. तिथल्या कलादगी चुनखडकात स्ट्रोमॅटोलाइटचे घुमट चांगले दिसतात. दोडगुणीइतके जुने नाहीत, पण डोळ्यांना ओळख होते.

तुमच्या दगडाचं एवढं करा. जिथे मिळाला ती जागा फोनवर नोंदवा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. त्यावर मार्करने नंबर घालू नका आणि प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. फरशी, चुंबक, पेरॉक्साइड या क्रमाने तिन्ही परीक्षा मुलांसमोर वर्गातच करा. फेस आला तर मुलांना मँगनीजचा धडा शिकवून टाका, मला कळवायची गरज नाही. रेघ राखाडी आली, चुंबक हलला नाही आणि फेसही आला नाही, तर मात्र रविवारी घरीच थांबा. मी पहिल्या एसटीने येतो.